स्कीची धार आणि सर्वांची वाट

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या व्हॅलकूर गावी जोसेफ-आर्मांड बोंबार्दिए यांनी १९५९ साली ‘स्की-डू’ ही बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल बाजारात आणली, तेव्हा तिच्यासाठी वेगळी वाट राखावी लागत नव्हती. यंत्राला मऊ बर्फात बुडू न देणे, एवढेच पुढे बसवलेल्या स्कीचे काम होते. आज एकट्या क्विबेकमध्ये स्नोमोबाइलच्या ३०,००० किलोमीटरहून अधिक वाटा आहेत आणि त्या राखणाऱ्या क्लबांमध्ये स्वयंसेवकांचा भरणा मोठा आहे. या घट्ट वाटेवर स्कीचे काम पालटले. आता तिने तरंगवायचे कमी आणि वळवायचे जास्त. वळवायचे म्हणजे बर्फात रुतून धरायचे, आणि रुतणे म्हणजे वाट कापणे. म्हणूनच स्की कोणती लावावी हा निव्वळ चालवणाऱ्याच्या आवडीचा प्रश्न नाही, असे माझे म्हणणे आहे. तिच्या तळाची धार मागून येणाऱ्या प्रत्येकाची वाट ठरवते.

आधी वाट कशी तयार होते ते पाहू. ग्रूमर यंत्रामागे जोडलेल्या सांगाड्याची पाती उंचवटे तासतात, बर्फ घुसळतात आणि शेवटी दाबून सपाट करतात. ताज्या भुरभुरीत बर्फाचे वजन घनमीटरला साधारण १०० किलो असते. चांगल्या दाबलेल्या वाटेवर ते ४०० किलोंच्या पुढे जाते. पण नुसते दाबून भागत नाही. शेजारशेजारच्या कणांनी एकमेकांना चिकटून जोड धरावा लागतो, आणि त्याला थंडी व काही तास लागतात. म्हणून हे काम शक्यतो रात्री करतात. जोड धरण्याआधी वाटेवरून रहदारी झाली, तर सारी रात्र वाया जाते.

आता स्की. हल्ली ती बहुधा कणखर प्लास्टिकची असते. तिच्या तळाशी मधोमध लांबट कणा असतो आणि त्याखाली पोलादी पट्टी, जिच्या धारेत टंगस्टन कार्बाइडचे तुकडे बसवलेले असतात. यंत्राच्या पुढल्या भागाचा भार या अरुंद धारेवर एकवटतो. सरळ जाताना ती रेघ ओढते, वळणावर नांगरते. मागून येणाऱ्याची स्की त्याच रेघेत शिरते आणि चाकोरीत सापडलेल्या बैलगाडीच्या चाकासारखी तिला बाहेर येता येत नाही. हँडल हलवले नसतानाही यंत्र डावी-उजवीकडे हिसका देते. चालवणारे याला डार्टिंग म्हणतात. त्रासलेला माणूस मग अधिक खोल, अधिक तीक्ष्ण धार बसवतो. त्याची पकड सुधारते, पण रेघ आणखी खोल होते आणि पुढचा माणूसही तोच उपाय करतो. एकेकट्याने पाहिले तर प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा असतो, पण सगळ्यांचे मिळून नुकसान होते.

यावर पहिला आक्षेप असा, की खरी नासधूस यंत्राला पुढे ढकलणारा मागचा फिरता पट्टा करतो. स्कीला दोष कशाला? यात तथ्य आहे. वाटेवरचे लाटांसारखे खळगे प्रामुख्याने वेग, ब्रेक आणि पट्ट्याचा जोर यांतून येतात. आपल्या कच्च्या रस्त्यांवरही अशा आडव्या लाटा उठतात. टॅबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळूवरून चाक फिरवून त्या निर्माण केल्या, आणि विशिष्ट वेगाच्या खाली त्या उठत नाहीत हेही दाखवले. पुढे चाकाऐवजी तिरके पाते ओढले तरी त्या उठल्या. तेव्हा स्की बदलून लाटा मिटतील, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी वेग आवरला पाहिजे. शेजारच्या ओंटारियो प्रांतात वाटांवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहेच. पण लांबट रेघांचे तसे नाही. दोन स्कींमधले अंतर मीटरभराहून थोडे जास्त आणि पट्ट्याची रुंदी सुमारे ३८ सेंटीमीटर असते. म्हणजे पट्टा दोन्ही रेघांच्या मधून जातो, आपल्याच स्कीने काढलेली रेघ तो बुजवत नाही. ती जबाबदारी स्कीचीच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. गोठलेल्या वळणावर धार नसेल तर यंत्र सरळ झाडात जाईल. धार काढून टाका असे कोणी सुचवू नये. पण एकच खोल धार हाच पकडीचा मार्ग नाही. एका स्कीखाली दोन उथळ, समांतर पट्ट्या बसवल्या, तर भार विभागतो आणि स्की जुन्या रेघेत सहज अडकत नाही. हँडल थोडे जड होते, ही त्याची किंमत, आणि ती मला परवडण्याजोगी वाटते. पकड कमी-जास्त करता येणाऱ्या स्कीही निघाल्या आहेत. शिवाय सस्पेन्शनची जुळणी चुकून पुढे फाजील भार आला, तर चांगली स्कीही वाट खरवडते. त्यावर नवी धार हे उत्तर नव्हे.

हवामानाकडे बोट दाखवून हा विषय टाळता येत नाही. २०२३-२४चा हिवाळा कॅनडाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. बर्फाचा थर पातळ असेल, तर पुन्हा सपाट करायला ग्रूमरच्या पात्यांखाली पुरेसा मालच नसतो आणि खोल रेघ थेट मातीला भिडते. म्हणून स्कीची पारख करताना कोऱ्या वाटेवरच्या पहिल्या फेरीपाशी थांबू नये. एकाच वळणावरून तीच स्की लावलेली शंभर यंत्रे जाऊ द्यावीत, मग रेघेची खोली मोजावी आणि तो आकडा विक्रीच्या माहितीपत्रकात पकडीच्या वर्णनाशेजारी छापावा. वाट राखणाऱ्या क्लबांनी निर्मात्यांकडे ही मागणी धरावी.