चैत्रातला कडू घास आणि पन्ह्याची घागर



पाडव्याला आपण कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा, हिंग, मीठ वाटून तोंडात घालतो. पोरं विचारतात, हे कशाला? आयुर्वेद सांगतो, थंडीत साठलेला कफ वसंतात पातळ होऊन त्रास देतो. कडू रस त्याला आवरतो. त्यातूनच ही चाल पडली असावी. पण एका घासानं वर्षाचं दुखणं टळत नाही. ताप आला की दवाखाना गाठावा.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं असतं. त्यात कैरी, गूळ अन् मीठ. घामावाटे पाणी जातं, तसं मीठही जातं. पन्ह्यातून दोन्ही मिळतं. पंढरीत तर पाडव्यापासून मृगापर्यंत विठुरायाला चंदनउटी लावतात. देवालाही ऊन लागतं, हा आपला भाव.

मग चैत्री वारीत आपणच तहानलेले का चालतो? एकादशीला पाणीही न घेणारे म्हातारे माळकरी आपल्या दिंडीत आहेत. त्यांच्या निष्ठेला आमचा दंडवत. पण माउली, या एकादशीला निर्जळ राहण्याची सक्ती नाही. पाणी घ्या, सैंधव घातलेलं पन्हं घ्या.

म्हणून आपण ठरवू या: पहाटे चालायचं, भर दुपारी सावली धरायची, दिंडीसोबत पन्ह्याची घागर ठेवायची. उन्हात कुणाला भोवळ आली, कुणी असंबद्ध बोलू लागलं, तर सावलीत निजवा, अंग ओलं करून वारा घाला, 108 ला फोन करा.

देवाला उटी, तर त्याच्या वारकऱ्याला घोटभर पाणी नको का?

रामकृष्ण हरी!