दार कुणासाठी उघडायचं?

मैत्रिणींनो, सल्ला केंद्रातल्या केसच्या फाइली दोन संगणकांवर दिसाव्यात, म्हणून मी ‘पोर्ट’ उघडायला शिकले. फायरवॉल ही संगणकाची राखण, पोर्ट म्हणजे तिची क्रमांक दिलेली दारं. फाइलींचं दार ४४५. उबंटूवर ते एका ओळीत उघडतं (टाइप अर्थात इंग्रजीत करायचं): ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ४४५/टीसीपी’. दुरुस्तीला येणारा एवढं करून निघून जातो.

पण ही ओळ ‘कुणासाठी?’ असं विचारतच नाही. बैठकीला आलेल्या नवऱ्यालाही आपण वायफायचा पासवर्ड देतो. मग त्याचा फोनही त्या दाराशी पोचतो. आत बाईचा नवा पत्ता असतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ ह्याच ४४५ मधून पसरला, तेव्हा इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या.

म्हणून दुसऱ्या संगणकाचा पत्ता कायमचा ठरवून घ्या आणि तोच लिहा: ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ प्रोटो टीसीपी फ्रॉम १९२.१६८.१.२० टू एनी पोर्ट ४४५’. फोल्डरला पासवर्ड हवाच. जुनी मोकळी ओळ ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड’ने शोधा, ‘सुडो यूएफडब्ल्यू डिलीट’पुढे तिचा क्रमांक देऊन काढा. ती बहुधा दोनदा दिसते, दुसरीपुढे ‘व्ही६’ असतं. एक काढली की क्रमांक बदलतात, तेव्हा यादी पुन्हा पाहूनच दुसरी काढा.