धुऱ्यावरच्या धुराला कायदा लागतो का?

हेडफोन लावला असेल तर आवाज जरा कमी करा, कारण आज मी थोडा तावातावाने बोलणार आहे. विषय आहे हवेचा. हवा कुणाच्या मालकीची, ती घाण केली तर शिक्षा काय, आणि दिल्लीत बनलेला कायदा आमच्या वालूरच्या वेशीपर्यंत पोचतो का?

वालूर म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं गाव. बारवांचं गाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल, रीलही पाहिलं असेल. पण हवेचं प्रदूषण म्हटलं की डोळ्यासमोर येते ती दिल्ली, फार तर मुंबई. खेड्यात काय, मोकळी हवा! असंच आपण म्हणतो ना?

आता फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी आमच्या शिवारात या. कुणी पऱ्हाट्या पेटवल्यात, कुणी उसाचं पाचट, कुणी धुऱ्यावरचं गवत. गावात शिरलात की उकिरड्यावर प्लास्टिक जळतंय. घराघरात चूल पेटलेली, त्यात तुराट्या आणि गोवऱ्या. थंडीत वारा पडला की हा सगळा धूर गावावर बसून राहतो. दम्याच्या म्हाताऱ्या माणसांना रात्र काढणं अवघड होतं, आणि त्याला आपण म्हणतो, ‘हवा बदलली.’

आधी थोडा इतिहास. धुराविरुद्धचा कायदा आपल्याकडे नवा नाही. १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला होता. रोख होता भट्ट्यांवर आणि गिरण्यांच्या धुराड्यांवर. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा आपल्याला लागूच नव्हता.

मग १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणावर जागतिक परिषद झाली. तिथे दिलेल्या शब्दाला धरून आपल्या संसदेने १९८१ साली हवा कायदा केला. पूर्ण नाव, हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम. १९८४ साली भोपाळची वायुगळती झाली, त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली हवा कायद्यात दोन मोठ्या दुरुस्त्या झाल्या. एक, आवाजसुद्धा हवेचा प्रदूषक ठरला. म्हणजे वरातीतला डीजेही या कायद्याच्या लेखी प्रदूषण करतो, बरं का! दुसरी, साध्या नागरिकाला ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः कोर्टात तक्रार करायची वाट मिळाली.

महाराष्ट्राचं प्रदूषण नियंत्रण मंडळ तर त्याच्याही आधीचं, १९७० सालचं. आणि ही तारीख लक्षात ठेवा, ६ नोव्हेंबर १९९६. या दिवसापासून अख्खा महाराष्ट्र ‘वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ आहे. अख्खा म्हणजे अख्खा. मुंबई आली, चंद्रपूर आलं, आणि आपलं वालूरही आलं. त्यामुळे ‘हे कायदे शहरवाल्यांसाठी’ असं कुणी म्हणालं तर त्याला ही तारीख सांगा.

मग धूर का थांबत नाही?

कारण हा कायदा मुळात धुराड्याकडे बघून लिहिलेला आहे. कारखाना, स्टोन क्रशर, डांबर प्लांट यांना मंडळाची संमती घ्यावी लागते. संमतीपत्रात अटी असतात. अट मोडली तर कारवाई होते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने यातली बरीचशी तुरुंगाची शिक्षा काढून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला, तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. कारखान्याला पत्ता असतो, मालक असतो, कागद असतात. पण शंभर शेतकऱ्यांनी शंभर धुऱ्यांवर लावलेल्या आगीचं संमतीपत्र कुणाकडे मागणार?

कायद्यात त्याचीही सोय आहे. कलम १९ मध्ये एक पोटकलम आहे. इंधन नसलेली कुठलीही वस्तू जाळल्याने हवा बिघडत असेल, तर राज्य सरकार अधिसूचना काढून तसं जाळणं बंद करू शकतं. ‘करू शकतं’ हा शब्द महत्त्वाचा. अधिकार आहे, तो वापरायचा की नाही हे सरकारच्या हातात.

तुम्ही व्हॉट्सअॅपवर वाचलं असेल की शेतात काड जाळलं तर अडीच हजार, पाच हजार, पंधरा हजार दंड. हे आकडे खरे आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली आणि भोवतालच्या राज्यांसाठी ठरवलेले आहेत. २०२४ साली केंद्राने ते दुप्पट केले, तेही दिल्ली परिसरापुरते. म्हणजे तो मेसेज वालूरच्या ग्रुपवर टाकून शेजाऱ्याला घाबरवू नका.

उघड्यावर कचरा जाळण्याचं मात्र वेगळं आहे. त्यावर हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार. उकिरड्यावरचं प्लास्टिक त्यात येतं.

आता धोरणाकडे येऊ. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. देशातली १३१ शहरं निवडली. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. परभणी जिल्हा त्यात नाही. निवड झाली हवेच्या मोजमापावरून. जिथे यंत्र होतं तिथला आकडा वाईट निघाला, तिथे पैसा गेला. जिथे यंत्रच नाही, तिथला आकडा कुठून येणार? तुमच्या मोबाइलमध्ये वालूरचा एक्यूआय दिसतो ना, तो गावात मोजलेला नसतो. लांबचं यंत्र आणि उपग्रह यांवरून काढलेला तो अंदाज असतो.

तरी तो आकडा वाचायला शिका. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट, ३०० च्या पुढे अतिशय वाईट आणि ४०० ओलांडले की गंभीर. पीएम २.५ म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक धूळ, जी थेट फुप्फुसात खोल उतरते. आपल्या देशाचं २००९ सालचं मानक वर्षाच्या सरासरीसाठी ४० मायक्रोग्रॅमचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली पातळी आहे ५.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ही मानकं बाहेरच्या हवेची आहेत. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकाशी जी हवा असते, तिला मानक लागू नाही. कायदा उंबरठ्यावर थांबतो! तिथून पुढे फक्त योजना. ऐंशीच्या दशकात निर्धूर चूल आली. २०१६ साली उज्ज्वला आली. आमच्या गावात गॅस बऱ्याच घरांत आहे, पण भरलेली टाकी संपली की दुसरी आणायला पैसे लागतात. सरपण शेतात फुकट मिळतं. मग चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर. २०२३ पासून उज्ज्वलाच्या टाकीला ३०० रुपये अनुदान झालं, २०२४ साली राज्याने पात्र घरांना वर्षाला तीन टाक्या मोफत देणारी अन्नपूर्णा योजना आणली. तुमच्या घरी हक्क असून मिळत नसेल, तर आईचं बँक खातं आधारला जोडलंय का ते आज बघा. मोबाइल तुमच्या हातात आहे, काम तुमचं आहे.

शेतकऱ्याची बाजूही ऐका. माझे चुलते म्हणतात, ‘पऱ्हाटी उपटायला मजूर मिळत नाही, रोटाव्हेटरला भाडं लागतं, काडेपेटीला काय लागतं?’ त्यात कृषी खातं सांगतं, गुलाबी बोंडअळी मोडायची तर फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत शेताबाहेर काढा. पर्यावरणवाले सांगतात, जाळू नका. दोघंही बरोबर. पण मधल्या मजुरीचं कोण बोलणार? इथे दंडापेक्षा श्रेडर लवकर कामाला येईल. गावात एक श्रेडर भाड्याने फिरलं तर पऱ्हाटीची कुट्टी होऊन रानातच कुजते. पाचटाचंही तसंच, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकलं की त्याचंच खत होतं.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी. कारखाना किंवा क्रशरचा त्रास असेल तर त्याचं संमतीपत्र मंडळाच्या वेबसाइटवर शोधा, अटी वाचा, फोटो आणि तारखेसह मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गावातल्या धुराचा सार्वजनिक उपद्रव होत असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी म्हणून ते उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात. आणि तिसरी गोष्ट, ग्रामसभेत उभे राहा. कचरा जाळायचा नाही असा ठराव मागा, आणि त्याच ठरावात कचरा उचलायची गाडी आणि भाड्याचं श्रेडरही मागा. नुसती बंदी मागितली तर लोक ऐकून घेतील आणि घरी जाऊन काडी लावतील.

आमच्या गावातली चक्राकार बारव गाळाने आणि कचऱ्याने भरली होती. ती गावानेच हाताने मोकळी केली, आणि आज लोक लांबून बघायला येतात. पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून बारवेची लाज वाटली. हवा दिसत नाही, एवढाच फरक आहे.

तुमच्या गावात काय जळतंय, कधी जळतंय, मला व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही तक्रारींचे अर्ज आपण सोबतच लिहू. भेटूया, काळजी घ्या!