नावाशेजारचा शब्द

दसरा-दिवाळीनंतर आपल्या गटांतल्या कितीतरी बाया ऊसतोडीला जातात. घर सोडून कामाला जाणाऱ्यांबद्दल लोक काय बोलतात, हे मोजता येतं. कसं, ते सांगते.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या २० वर्तमानपत्रांतल्या, २०१० ते २०१२ या काळातल्या ५८ हजार बातम्या घेतल्या. शब्द भरले ४ कोटी ३० लाख. माणसानं वाचून संपणार नाहीत, म्हणून संगणकाला कामाला लावलं. बाहेरून आलेल्यांसाठीचा शब्द जिथं जिथं आला, तिथं त्याच्या शेजारी कोणता शब्द बसतो, ते त्यानं मोजलं. सगळ्यांत जास्त वेळा निघाला 'बेकायदेशीर'. एकेक बातमी वाचताना हे ध्यानात येत नाही. रोज कानावर पडलं की मात्र तेच खरं वाटायला लागतं.

हे कळल्यावर मी आपल्या गटाची वही उघडली. तोडीला गेलेल्या बायांच्या नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'गैरहजर', 'गैरहजर', 'थकीत'. मोजायला संगणकही लागला नाही. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. तिथं तिचं नावच नाही. आपल्या वहीत नाव आहे, पण शेजारी हे!

संगणक लिहिलेलंच मोजतो. म्हणून लिहिणारीनं जपून लिहावं. यंदा मी लिहिणार आहे, 'कामाला गेली, पाडव्याला येईल.' तुमच्याही वह्या उघडून बघा.