तेलाची दरवाढ : दोषी कोण?



तेलाचे भाव भडकले की दोषी आधीच ठरलेला असतो. १९७३ साली अरबांना दोष दिला गेला, २०२२ साली युक्रेनच्या युद्धाला. दोन्ही वेळची अडचण खरी होती. परंतु त्या अडचणीचा पैसा कोणाच्या तिजोरीत गेला, हे कोणी फारसे विचारले नाही.

१९२८ साली स्कॉटलंडमधील ॲक्नाकॅरीच्या गढीत बड्या तेल कंपन्यांचे प्रमुख जमले आणि त्यांनी बाजारपेठेची आपसांत वाटणी केली. भाव अमेरिकेच्या दराने ठरे. इराणच्या आखातातील तेलावरही मेक्सिकोच्या आखातापासूनचे भाडे चढे. १९६० च्या ऑगस्टमध्ये कंपन्यांनी उत्पादक देशांना न विचारता दर खाली आणले. दुसऱ्याच महिन्यात बगदादला ‘ओपेक’चा जन्म झाला. मक्तेदारीचा धडा या देशांनी कंपन्यांकडूनच घेतला होता.

भारताचा अनुभव वेगळा नाही. त्याच वर्षी सोव्हिएत रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा येथील विदेशी कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला. केशवदेव मालवीय यांनी हा प्रश्न लावून धरताच त्याच कंपन्या सवलत देऊ लागल्या. म्हणजे जुना भाव अटळ कधीच नव्हता. पुढे १९७४ ते १९७६ या काळात एस्सो, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स यांचा येथील व्यवसाय राष्ट्राच्या ताब्यात आला.

२०२२ साली एक्सॉनमोबिलने सुमारे ५६ अब्ज डॉलर आणि शेलने सुमारे ४० अब्ज डॉलर नफा मिळवला. जुन्या विहिरींतून तेल काढण्याचा खर्च त्या प्रमाणात वाढला नव्हता. युद्धाने भाव चढवला आणि चढलेला भाव भागधारकांच्या पदरात पडला.

मात्र सगळे खापर विदेशी भांडवलावर फोडून सरकारला सुटता येणार नाही. मे २०२० मध्ये जागतिक भाव कोसळले असताना केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. स्वस्ताईचा लाभ ग्राहकापर्यंत पोचलाच नाही. रिक्षाचालक आणि पंपावर पाणी उपसणारा शेतकरी यांना नफेखोरी आणि करवसुली या दोन्हींचा भार सारखाच जाणवतो.

म्हणून मालकी बदलली एवढ्याने काम संपत नाही. कच्च्या तेलाची खरेदी, शुद्धीकरणाचा खर्च, कर आणि नफा यांचा लिटरमागचा हिशेब लोकांसमोर उघडा झाला पाहिजे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने दरवाढीच्या सभेत प्रथम हीच मागणी मांडावी.