दोन्ही गुडघे एकदम बदलावेत का?



गुडघ्याची वाटी झिजली, असं आपण म्हणतो. खरी झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. ती गेली की हाडावर हाड घासतं. औषध झालं, व्यायाम झाला, काठी घेतली, तरी रात्री झोप नाही; मग डॉक्टर म्हणतात, सांधा बदलू या. हाडांची झिजलेली टोकं कापून तिथे धातूचे भाग बसवतात. मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती असते.

दोन्ही गुडघे गेले असले की घरात बोलणं निघतं, "एकदाच उरकून टाकू. भूल एकदा, दवाखाना एकदा, पोराचा रोजही एकदाच बुडेल." यात खोटं काही नाही. दोन्ही पाय सारखेच वाकडे असतील, तर एकच सरळ करून चालायचा सराव नीट होत नाही, हेही खरं.

पण हा हिशेब नुसता पैशाचा नव्हे. दोन्ही गुडघे एकदम केले तर रक्त जास्त जातं. हृदयावर ताण जास्त पडतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीतीही वाढते. ज्याला हृदयाचा आजार आहे, दमा आहे, वय फार झालं आहे, त्याने एक गुडघा आधी करावा आणि दुसरा काही महिन्यांनी. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईत त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये बदलला, उजवा जून २००१ मध्ये. त्यांना काही पैशाची वाण नव्हती, की माणसांची!

आता घरचं पाहा. दोन्ही पायांवर टाके असले की भार द्यायला चांगला पाय उरत नाही. उठवायला-बसवायला पहिले काही आठवडे धडधाकट माणूस हवा. शौचाला उकिडवं बसता येणार नाही. खुर्चीची सोय आधी करा. चूलही ओट्यावर घ्यावी लागेल. आणि डॉक्टरांशी बोलताना म्हातारीला बाहेर बाकावर बसवू नका. गुडघे तिचे आहेत.

सरकारने २०१७ साली कृत्रिम सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. तेव्हा सांध्याची किंमत किती आणि शस्त्रक्रियेचा खर्च किती, हे वेगवेगळं लिहून मागा.

रक्तातली साखर वाढलेली असेल, दात किडले असतील, पायाला जखम असेल, तर तारीख ठरवण्याआधी त्यावर इलाज करून घ्या. नव्या सांध्यात जंतू शिरले, तर तो सांधा काढावाही लागतो.