वजनाबरोबर कंबरही मोजा



सुटलेले पोट हे आपल्याकडे खात्यापित्या घरचे लक्षण मानले जाते. वडसा-देसाईगंजच्या बाजारपेठेत दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याचे पोट सुटतेही लवकर. हातपाय सडसडीत आणि वजन बेताचे असले, की ‘मला काय होणार?’ असे आपण म्हणतो. हा भरवसा फसवा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ते स्वतःच्याच उदाहरणाने दाखविले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या त्यांच्या अभ्यासातही नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी, स्नायूंनी बारीक, पण त्वचेखालची चरबी बरीचशी राखून असलेली आढळली. म्हणजे ही प्रवृत्ती आपण जन्मतःच घेऊन येतो.

पोटात आतड्यांभोवती साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात जातात आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. मग रक्तातील साखर, ट्रायग्लिसराइड्स आणि रक्तदाब वाढू लागतात. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही महत्त्वाचा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून, माप घ्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची सूचना होय.

आपल्या परंपरेतील ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, येथे थेट उपयोगी पडते. मात्र ती रोजची हवी. एक दिवस उपवास आणि पारण्याला मिठाईचे भरलेले ताट, याने पोट उतरत नाही. जोडीला रोज अर्धा तास झपझप चालावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाचे पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारावे; साखर एकाएकी उतरली तर जिवावर बेतू शकते.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने कंबर मोजावी, आणि घेर अधिक भरल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी, एवढीच नम्र विनंती. जय जिनेंद्र!